अंगावर काढलेले दुखणे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी जुन्या काळचे लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मंगळागौरीचे खेळ, बंदरावरची आगबोट किंवा गावातली जुनी हळदीकुंकवे असावीत. मीही आधी तसेच योजले होते. परंतु गेल्या आश्विनात मंडळाच्या दुपारच्या बैठकीत आपल्यातल्या एक भगिनी उठता उठता घेरी येऊन खाली बसल्या, ते काही मनातून जाईना. तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला, कोणी साखर दिली. शुद्धीवर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, चार-पाच महिने झाले, पाळीत फारच जाते आहे. खोलीत तीस बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या तरी त्यांना रोज भेटणाऱ्या. चार-पाच महिन्यांत एकीलाही हे ठाऊक नव्हते. तेव्हा जुन्या काळचे लिहायचेच तर याचाच इतिहास लिहावा असे ठरवले. वर्धापनदिनाच्या अंकात हा विषय काहींना अप्रशस्त वाटेल. त्यांची मी आधीच क्षमा मागते.

मासिक पाळीला आपल्याकडे नावे पुष्कळ. कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली, विटाळशी आहे, अडचण आली. शाळा शिकलेल्या आम्ही 'पाळी' म्हणू लागलो आणि आताच्या मुली सरळ 'पिरियड्स' म्हणतात. ही नावे नीट पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. बाई कुठे बसली आहे, तिला कोणी शिवायचे नाही, ती देवघरात का आली नाही, हे सारे त्या नावांतून कळते. तिचे किती जाते आहे, हे एकाही नावातून कळत नाही. जास्त जाऊ लागले तर म्हणायला 'अंगावरून जाते' एवढाच मोघम शब्द, आणि पांढऱ्याला तोच, तांबड्यालाही तोच. वैद्यांच्या ग्रंथांत मात्र भेद होता. चरकसंहितेत 'असृग्दर' म्हणून या अतिस्रावाचे स्वतंत्र वर्णन आहे, वैद्य त्याला रक्तप्रदर म्हणत आणि त्यावर अशोकाची साल देत. म्हणजे दुखण्याला नाव होते, पण ते पोथीतून माजघरापर्यंत आले नाही. (जाता जाता सांगते, तो अशोक म्हणजे नारिंगी फुलांचा सीतेचा अशोक. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच सरळ वाढणारा अशोक निराळाच वृक्ष आहे, आणि बाजारात सालीच्या नावाखाली पुष्कळदा तोच खपतो.)

ज्या घरांत विटाळ कडक पाळीत, तिथे बाई तीन दिवस मागल्या पडवीत किंवा गोठ्याजवळच्या खोलीत बसे. तिची पाळी आली हे सासऱ्यापासून गड्यापर्यंत साऱ्यांना कळे. इतकी उघड गोष्ट दुसरी नसेल! पण जुन्या लुगड्याचे किती तुकडे भिजले, हे तिला एकटीलाच ठाऊक. ते तुकडे ती पहाटे कोणी उठायच्या आत धुई आणि उन्हात न घालता कुठेतरी आडोशाला, काळोखात वाळत घाली. चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात आली की घराचा हिशेब पुरा झाला. मग जात्यापासून विहिरीपर्यंत सगळी कामे पुन्हा तिच्या अंगावर. ज्या बाईचे आठव्या-नवव्या दिवसापर्यंत थांबत नसे, तिची खरी कुचंबणा इथे होई. सांगितले तर पुन्हा बाहेर बसायचे आणि जावांची बोलणी खायची, न सांगितले तर देवाघरी पाप. बहुतेकजणी पाप पत्करून गप्प राहत.

कष्टकरी घरांतून दूर बसण्याची चैन नव्हतीच. आषाढात लावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई पाळीची आहे की काय, हे विचारणार कोण? मिरकरवाड्याहून माशांची पाटी डोक्यावर घेऊन निघालेली बाई वाटेत कुठे थांबणार? घरधनी मुंबईला गिरणीत, त्याची मनीऑर्डर येई ती सासूच्या हाती. औषधपाण्यासाठी पैसे मागायचे म्हणजे कारण सांगायला हवे आणि कारण सांगायचे तर शब्द नाही. एका बाजूला शिवाशिव आणि दुसऱ्या बाजूला राबणूक, पण दोन्हीकडे निष्पत्ती एकच: दुखणे अंगावर काढायचे.

माझी थोरली काकू याच रीतीने गेली. आमचे घर रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी. १९६५ साल असावे, मी दहा-अकरा वर्षांची होते. काकूची पाळी मधे वर्ष-सव्वा वर्ष बंद होती आणि मग पुन्हा सुरू झाली. थोडे थोडे, पण थांबेना. आजी म्हणे, "जायची वेळ आली की असेच होते, मलाही झाले होते." आजीचे चूक म्हणवत नाही, तिला ठाऊक होते तेवढेच ती सांगे. काकू पिवळी पडत चालली. पायऱ्या चढताना मधेच खांबाला धरून उभी राही आणि आम्ही मुले तिच्या मागे अडून राहिलो की हसे. पावसाळ्यात आगबोट बंद. दसऱ्यानंतर तिला मुंबईला नेले, तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग पसरलेला निघाला. पुढच्या शिमग्यापर्यंत ती राहिली नाही. पाळी वर्षभर थांबून पुन्हा एक थेंब जरी दिसला, तरी ती पाळी नव्हे, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचे असते, एवढे एक वाक्य त्या घरात कोणाला ठाऊक असते तर! हे वाक्य मी मुद्दाम इथे, लेखाच्या मधेच लिहिते आहे.

काकूच्या दुखण्याच्या ऐंशी वर्षे आधी आपल्यातल्याच एका मुलीने हे ओळखले होते. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिताना त्यांनी आपला हेतू स्पष्ट सांगितला होता: माझ्या देशातील दुखणाईत स्त्रियांना मदतीची फार गरज आहे, परंतु ती पुरुष डॉक्टराच्या हातून घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचे मूल गमावलेल्या मुलीचे हे लिहिणे होते, ऐकीव नव्हते. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांची बाविशीही पुरी झाली नव्हती. आपल्याकडून आंबा घाट चढून गेले की पुढे कोल्हापूर. त्या जगत्या, तर आपल्या मुलुखातल्या किती बायका बैलगाडीतून त्यांच्या दारी गेल्या असत्या, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

त्याच सुमारास मुंबईत स्त्रियांसाठी वेगळी दारे उघडत होती. शेट पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. तिथे रोगीही बायका आणि डॉक्टरही बायका. पहिल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची विलायतेहून आल्या होत्या. नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार देऊन कोर्टाला सामोऱ्या गेलेल्या रखमाबाई १८९४ साली विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. काही काळ कामात काम करून त्या सुरतेला गेल्या आणि नंतर राजकोटला. सुरतेत प्रथम कोणी बाई इस्पितळात पाऊल टाकीना, तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीला इस्पितळात आणून तिची सुटका केली आणि बायांची भीती घालवली, अशी गोष्ट सांगतात. ती हसण्यासारखी वाटते खरी. पण भीती किती होती याचा त्यात पुरावा आहे.

तरीही या दारांतून बायका गेल्या त्या बहुतकरून बाळंतपणासाठी. बाळंतपणाला घरचे लोक गाडी जुंपीत, कारण तिथे मुलगा व्हायचा असतो. नुसते रक्त जाते म्हणून कोण गाडी जुंपणार? त्या विषयावर मराठीत उघडपणे छापून बोलण्याचे धाडस केले, ते आपल्याच जिल्ह्याच्या एका गृहस्थाने. रघुनाथ धोंडो कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. महर्षी कर्व्यांचे ते थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. ज्या गोष्टी नवरा-बायकोही आपापसांत बोलत नसत, त्या वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि ते छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. दंड झालाच. मासिक मात्र १९५३ साली कर्वे वारले तोवर चालू राहिले. शरीराच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे हा गुन्हा ठरत होता, त्या काळात आमच्या आज्या-पणज्या गप्प बसल्या तर त्यांना भित्र्या म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, नर्सबाई घरोघर येऊ लागल्या. हे मोठे काम झाले. पण त्यांच्या वहीत रकाने होते ते मुले किती, लस टोचली का, ऑपरेशन केले का, तांबी बसवली का असे. पाळीत किती जाते, याला रकाना नव्हता. या उणिवेवर नेमके बोट ठेवले, ते गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. तिथल्या वसा आणि आमिर्झा या दोन खेड्यांत त्यांनी आजारी बायकांचीच नव्हे, तर गावातल्या सरसकट बायकांची तपासणी केली. ६५० जणी तपासल्या. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि सरासरीने एकेकीला तीनाहून अधिक रोग होते. यापूर्वी अशी तपासणी कधी झाली होती का, याचे उत्तर शंभरातल्या केवळ आठजणींनी 'हो' असे दिले. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे १९८९ साली छापून आले आणि गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर असते, हे साऱ्या जगातल्या आरोग्य खात्यांना नव्याने कळले. गडचिरोली आपल्यापासून फार दूर आहे असे समजू नये. १९८९ साली आपल्या पाखाडीतल्या किती बायकांची अशी तपासणी झाली होती, हे प्रत्येकीने आपल्या आईला-सासूला आठवून पाहावे.

आता 'फार जाते' म्हणजे किती, हा प्रश्न राहतो. शास्त्रज्ञांनीही तो बराच उशिरा हाती घेतला. १९६६ साली, म्हणजे आमची काकू गेली त्याच वर्षी, स्वीडन देशात गोथेनबर्ग शहरी डॉ. हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७६ बायकांच्या पाळीतले कपडे गोळा करून त्यांतले रक्त प्रयोगशाळेत मोजले. बहुतेकींचे एका पाळीत तीस-चाळीस मिलीलिटर जाते आणि ऐंशीच्या वर जाऊ लागले की अंगातले रक्त कमी होऊ लागते, असे निघाले. ऐंशी मिलीलिटर म्हणजे चहाचे सोळा चमचे. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. ज्यांचे याहून अधिक जात होते, त्यांतल्या पुष्कळजणींना आपली पाळी चारचौघींसारखीच वाटत होती. वाटणारच. दुसरीची कधी पाहिलेली असते का? आईचे तसेच, बहिणीचे तसेच, म्हणजे ते बरोबर. पुढे डॉक्टरांनी चमचे मोजण्याचा नाद सोडला. २००७ साली इंग्लंडच्या आरोग्य संस्थेने व्याख्याच बदलली: पाळीतल्या रक्तस्रावामुळे बाईच्या शरीराला, मनाला, घरच्या-बाहेरच्या वावराला अडथळा होत असेल तर तो अतिस्राव समजावा. म्हणजे बाईचा शब्द हेच माप. आनंदीबाईंच्या पत्रापासून इथवर यायला सव्वाशे वर्षे लागली.

'आईचे तसेच, मुलीचे तसेच' यावरून फिनलंडमधली एक हकीकत सांगते. तिथल्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली हेलसिंकीला डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणली गेली. तिला जखम झाली की रक्त थांबत नसे. तिच्या काही बहिणी लहानपणीच अशा रक्तस्रावाने गेल्या होत्या. घराण्यात बायकांना हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या होता. रक्त गोठण्यातला हा जन्मजात दोष डॉक्टरांनी शोधून काढला आणि त्याला पुढे त्यांचेच नाव पडले. मुलगी मात्र वाचली नाही. तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्या पाळीत, रक्त जाऊन ती दगावली. आपल्याकडेही असे दोष असतात. मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, वारंवार नाकातून रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर "आमच्याकडे असेच असते" म्हणून सोडू नये. घराण्यात असणे हेच तपासणीचे कारण.

बाकी कारणे पुष्कळ आहेत आणि बहुतेक साधी आहेत. गर्भाशयातल्या गाठी, आतल्या अस्तराला आलेला कोंब, थायरॉइड, पाळी सुरू होण्याच्या आणि जाण्याच्या वयातली हार्मोनची गडबड, तांब्याची तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. कधी दिवस राहून गर्भ टिकलेला नसतो. कर्करोग यांत क्वचित असतो, माझ्या काकूचे उदाहरण वाचून कोणी झोप उडवून घेऊ नये. पण वयाच्या चाळिशीनंतर तो नाही ना, हे पाहून घ्यावे लागते, आणि ते पाहण्याचे साधन आज आहे.

औषधेही आहेत. त्यांतल्या एकाची कथा मला फार आवडते. जपानच्या डॉ. उताको ओकामोटो यांना बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचवायच्या होत्या. लढाईनंतरचे हलाखीचे दिवस, प्रयोगशाळेत साधने अपुरी, घरी तान्हे मूल, तेव्हा मुलीला पाठीशी बांधून त्या काम करीत. त्यांनी आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध जगापुढे ठेवले. रक्ताची झालेली गुठळी विरघळू नये, एवढेच त्याचे काम. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांपुरतेच ते घ्यायचे असते. मात्र पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, तर घेता येत नाही, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. बाळंतपणातल्या रक्तस्रावात ते खरोखर जीव वाचवते, हे वीस हजार बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीतून सिद्ध व्हायला २०१७ साल उजाडले. बाई तोवर वारल्या होत्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन. याखेरीज हार्मोनच्या गोळ्या आहेत आणि गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबीही आहे. तांब्याच्या तांबीने रक्त वाढू शकते आणि हिच्याने कमी होते, दोघींचे नाव एक म्हणून घोटाळा होतो.

एवढे असूनही आपल्याकडे एकच उपाय लोकांच्या तोंडी बसला: "पिशवी काढून टाका." इथे मला थोडे कडू लिहावे लागते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये फार मोठ्या संख्येने काढली गेली असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहांत एक! नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड, फडात ना न्हाणीघर ना आडोसा. अशा बाईला पाळी म्हणजे बुडालेली मजुरी. तिचे रक्त का जाते हे शोधण्याऐवजी पिशवीच नको, असे कोणी सांगितले तर ती हो म्हणते. आमच्या काकूला कोणी विचारले नाही आणि या बायांचे कोणी ऐकून घेतले नाही. विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रियांवर सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली निकाल देऊन राज्यांना नियम लागू करायला सांगितले. देशाच्या कुटुंब-आरोग्य पाहणीतही पिशवी काढलेल्या बायकांतल्या निम्म्याहून अधिकजणींनी कारण सांगितले, ते पाळीत जास्त जाणे किंवा दुखणे हेच.

पिशवी काढणे वाईटच असे मी म्हणत नाही. कर्करोगात आणि इतर उपाय थकल्यावर ते योग्यच. परंतु बीजकोषही बरोबर काढले तर कमी वयात पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयावरही परिणाम होतो. म्हणून कोणी "काढून टाका" म्हणाले तर चार गोष्टी विचाराव्यात: रोग कोणता निघाला, सोनोग्राफीत काय दिसले, गोळ्या किंवा तांबी का चालणार नाही, आणि बीजकोष ठेवणार ना? उत्तर देण्याचा कंटाळा करणाऱ्या डॉक्टरांकडून उठून दुसरीकडे जाण्यास हरकत नाही. मी स्वतः तसेच केले होते. १९९८ साली, त्रेचाळीसाव्या वर्षी, मी शाळेत गडद रंगाच्याच साड्या नेसत असे आणि खुर्चीवर टॉवेलची घडी घालून बसत असे. काकूचे सारे पाहिलेली मी, दीड वर्ष कोणाला बोलले नाही! हिमोग्लोबिन सात निघाले. एका दवाखान्यात पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख दिली. मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. गाठ लहान होती. लोहाच्या गोळ्या आणि पाळीपुरत्या गोळ्या यांवर सहा वर्षे गेली आणि पाळी आपोआप थांबली.

कधी जायचे, हे आता सांगते. पॅड किंवा घडी तासा-दोन तासांत भिजते, रात्री बदलायला उठावे लागते, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांवर जाते, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसते, पायऱ्या चढताना दम लागतो, छाती धडधडते, यांतले एक जरी असेल तर त्याच महिन्यात तपासून घ्यावे. लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड भरते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर सकाळची वाट न पाहता १०८ ची गाडी बोलवावी. पाळी चुकलेली असून पोटात दुखते आणि रक्त जाते, तेव्हाही तसेच. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रावरही होते. वाटेल त्याला विचारायची लाज वाटली तर आशाताईंना सांगावे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा त्यात वेगळे असे काही नाही. नाचणी, कुळीथ, पालेभाजी खावीच, पण भांडे गळत असताना वरून पाणी ओतून ते भरत नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात आणि हिमोग्लोबिन वाढल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवाव्यात. शौचाला काळी होते म्हणून घाबरून बंद करू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना नुसते "फार जाते" म्हणू नये. कोणत्या तारखेला आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड, गाठी पडल्या का, हे लिहून न्यावे. वेगळी वही नको. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते आणि त्यावर दुधाचे खाडे आपण इमानाने मांडतो. आमच्या घरी दुधाच्या खुणा निळ्या आहेत आणि सूनबाईच्या तांबड्या. माझा दहा वर्षांचा नातू परवा विचारीत होता, हे तांबडे गोल कसले? मी आपली सवयीने "काही नाही, बाळा" म्हणणार होते. त्याच्या आईने पोळी लाटता लाटता त्याला सरळ सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मग या महिन्यात दूध किती दिवस आले नाही, ते मोजू लागला.